अधिकात घेतलेली पाटी

बुधवार, १५ नोव्हेंबर २०२३. भाऊबीज.

पाहुणे साडेचारला गेले. भांडी तशीच पडली आहेत, पण आधी हे वहीत उतरवते, नाहीतर रात्रभर डोक्यात घोळत राहील.

दादाने ताटात पाकीट टाकलं आणि पाटावरून उठायच्या आत माझ्या नव्या आयपॅडवरून सुरुवात केली. "एवढे पैसे घालायच्या आधी मला एक फोन करायचास ना. याच पैशांत चांगला लॅपटॉप घेऊन दिला असता." भाचा त्याच्याही पुढचा. आयपॅड उलटा केला, सुलटा केला नि म्हणाला, "आत्या, नववी जनरेशन? ही २०२१ ची. दहावी येऊन वर्ष झालं. हे गोल बटण कोण वापरतं आता?" वहिनी काही बोलली नाही, फक्त मोठ्या फोनवर सगळं छान वाचता येतं एवढं दोनदा म्हणाली. सासूबाईंचं गाऱ्हाणं तर ऑगस्टपासूनचं. "पाटी घेतलीस ते ठीक," त्या म्हणतात (त्या तिला पाटीच म्हणतात), "पण अधिक महिन्यात? अधिकात जावयाला द्यायचं असतं गं, स्वतःला घ्यायचं नसतं." यंदा अधिक श्रावण १६ ऑगस्टपर्यंत होता हे खरंच. पण दिवाळी अंकांची प्रुफं जुलैअखेरीस यायला लागतात. निज श्रावण लागेपर्यंत थांबा, असं संपादकांना कोणत्या तोंडाने सांगू?

मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले. वाद घालायला मला येत नाही, शिवाय सणाचा दिवस.

बावीस वर्षं मुद्रितशोधन करतेय. हल्ली सगळे पीडीएफ पाठवतात. ती कोपऱ्यावरच्या दुकानात छापून आणायची, लाल पेनाने खुणा करायच्या आणि गठ्ठा घेऊन अप्पा बळवंत चौक गाठायचा. तिथे गाडी लावायला जागा मिळाली तर तो दिवस चांगला म्हणायचा. लॅपटॉप घरात आहे की, ह्यांचा. त्यावरही करून पाहिलं. माउसने काकपद (सुटलेलं अक्षर घालायची खूण) काढायला गेलं की कोंबडीचा पाय उमटतो. चौकटीत टाइप करावं म्हटलं, तर ‘खालून तिसरी ओळ, चौथा शब्द, दुसरी वेलांटी’ एवढं लिहीपर्यंत हाताने पाच खुणा झाल्या असत्या. आणि मजकुराला आपण हात लावायचा नसतो. आपण खूण करायची, दुरुस्ती डीटीपीवाला, म्हणजे संगणकावर पानं लावणारा, करतो. हे दादाला कितीदा सांगितलं, पण त्याच्या लेखी मी ‘टायपिंग’ करते.

दुकानात मी पट्टी घेऊन गेले होते. आमची बरीचशी पुस्तकं डेमी आकाराची, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. या पडद्याची उंची आठ इंचांच्या जरा वर आणि रुंदीही सहाच्या जरा वर. म्हणजे समास सोडले तर पानाचा मजकूर छापून येईल त्याच मापात दिसतो. दुसरे टॅब लांबट होते, त्यांच्यावर तेच पान रुंदीला अडतं, वर-खाली काळे पट्टे उरतात आणि अक्षर बारीक होतं. विक्रेता मुलगा मेगापिक्सेल सांगत होता, मी इंच मोजत होते. त्याने शेवटी नाद सोडला.

आणि पान दोन बोटांनी मोठं करता येतं, हे तर माझ्या वयाला वरदानच. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, अनुस्वार उडतात. तो ठिपका अनुस्वार आहे की शाईचा डाग, हे कागदावर मी भिंगाने बघायचे. यंदा ज्या त्या अंकात कृत्रिम बुद्धिमत्तेवर लेख. एकात पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत ‘बुद्धीमत्ता’. बुद्धी एकटी असते तेव्हा वेलांटी दीर्घ, पुढे संस्कृत शब्द किंवा प्रत्यय जोडला की ऱ्हस्व. १९६२ पासूनचा नियम आहे, पण लेखक मंडळींना कृत्रिम बुद्धीची काळजी, हिची नाही. पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधायला गेलं तर धड सापडत नाहीत, म्हणून एकेक डोळ्यांनी वेचला. एकतीस निघाले. एकतीस लाल गोल. फार बरं वाटलं, उगाच कशाला खोटं सांगू.

आयपॅडवर खुणा करायच्या पेन्सिलीचं मात्र भाच्याला हसू आवरेना. तिचं टोपण काढून मागचं टोक आयपॅडच्या खालच्या भोकात खुपसायचं, म्हणजे ती चार्ज होते. ताप बघायला थर्मामीटर लावल्यासारखं दिसतं खरं. हसू दे. पंधरा सेकंद लावली की अर्धा तास चालते. तेवढ्यात माझा चष्माही पुसून होत नाही.

लांबलचक मजकूर टाइप करायला ती काच मला आवडत नाही, हे कबूल. आणि पेन्सिल धरून या हंगामाचं जवळजवळ सगळं मानधन त्यात गेलं, हेही कबूल. पण भांडी गोळा करताना दादाचं वाक्य पुन्हा कानात आलं: ‘घेऊन दिला असता’. मुद्रितशोधकाचा कान, क्रियापदावरच अडतो. मिक्सर बाबांनी घेऊन दिला होता, स्कूटी ह्यांनी, पहिला मोबाइल दादानेच. सगळ्या वस्तू चांगल्या निघाल्या, माझी तक्रार नाही. पण पट्टी घेऊन कुठल्याच दुकानात गेले नव्हते. दादाला फोन का केला नाही, याचं उत्तर हेच असावं. त्याला सांगितलं तर वाईट वाटेल, म्हणून सांगणार नाही. दहावी जनरेशन महाग होती, असं सांगेन. तेही खोटं नाही.

सहाला मेल आली. एका कादंबरीचं दुसरं प्रूफ, दोन फॉर्म, म्हणजे ३२ पानं, शुक्रवारपर्यंत हवी आहेत. सणासुदीचं काय हे, असं पुटपुटले, पण पहिलं पान उघडून पाहिलंच. तिसऱ्याच ओळीत ‘आशिर्वाद’.

आता भांडी. पेन्सिलीला ताप बघायला लावून ठेवलंय.