ताज लिहिणाऱ्याची सराई

"ताज बघायला सगळे जातात, तो लिहिणाऱ्याची सराई बघायला कोण येतं?" दरवाजाखाली बसलेले एक बुजुर्ग आज सहज म्हणाले आणि मला उत्तर सुचले नाही.

ताजमहालावरील कुराणातील आयती ज्या अमानत खानाने सुलेखनात उतरवल्या, त्यानेच १६४०च्या सुमारास पंजाबात, आजच्या तरनतारन जिल्ह्यात, प्रवाशांसाठी ही सराई बांधली. दरवाजावरची अक्षरेही त्याचीच. निळ्या, चकचकीत कौलाचा एखादा तुकडा अजून टिकून आहे आणि त्याच्या शेजारी उघडी वीट दिसते.

यापूर्वी दोनदा अमृतसरला येऊन आम्ही दरबार साहिबाचे, म्हणजे सुवर्णमंदिराचे, दर्शन घेतले, अटारी-वाघा सीमेवरचा ध्वज उतरवण्याचा सोहळा पाहिला आणि परतलो. तुमच्यापैकी कोणी ही अक्षरे पाहिली आहेत का?