तुम्ही विचारलंत म्हणून: मी केळं का नाकारतो

"पोटॅशियमने बीपी उतरतं ना? मग तुम्हीच केळं का नाही म्हणता?" हे मला इतक्यांदा विचारून झालंय की आता समोरच्याने केळं सोलायला घेतलं तरी मी सावध होतो. मागून दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ते सगळं थोतांडच का?"

थोतांड नाही. पोटॅशियम पोटात गेलं की मूत्रपिंड जास्त सोडियम लघवीवाटे सोडून देतं, रक्तवाहिन्याही थोड्या सैलावतात. माझं स्वतःचं बीपी १५२/९४ वरून १३८/८४ वर आलं होतं. तेव्हा मी वहीत रोज आकडे लिहायचो आणि भेटेल त्याला ती वही दाखवायचो. साधं मीठ बदलून पोटॅशियम घातलेलं मीठ आणलं होतं, दिवसाला तीन केळी, बटाटा सालासकट. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम सांगते. मी तो आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा गाठायचो, वर चार जास्तच.

डॉक्टरांना विचारलं का? नाही. खाण्यापिण्याचं काय विचारायचं, असं वाटलं. हे मी अजूनही पूर्ण चूक मानत नाही. पण माझी बीपीची गोळी टेल्मिसार्टन होती, जी पोटॅशियम शरीरात अडवते, आणि क्रिएटिनिन १.९, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं. दोन्ही गोष्टी कागदावर माझ्यासमोर होत्या.

नेहमीची रक्ततपासणी सकाळी दिली होती. संध्याकाळी लॅबमधून फोन आला, "काका, तुम्ही आत्ता कुठे आहात?" रिपोर्ट सांगायच्या आधी कुणी असं विचारत नाही. पोटॅशियम ६.८ होतं, साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. मी वाद घातला. रक्त काढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं जास्त दिसतं, हे मी वाचलेलं होतं. माझी मुलगी म्हणाली, "वाचलेलं गाडीत सांगा."

दवाखान्यात पुन्हा रक्त घेतलं. ६.७. मला काहीही होत नव्हतं. पाय जरा जड वाटत होते, ते वयाच्या खाती टाकलेले. ईसीजीच्या पट्टीवर मात्र एक लाट टोकदार उभी होती, तंबूसारखी. डॉक्टर ती पट्टी बोटांत धरून माझ्याकडे न बघता नर्सशी बोलत होते. आधी कॅल्शियमचं इंजेक्शन, मग ग्लुकोज आणि इन्सुलिन. "मला शुगर नाही," मी म्हणालो. त्यांनी समजावलं, कॅल्शियम हृदयाला सांभाळतं, इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं. बाहेर ते तुमच्या मूत्रपिंडानेच काढायचंय, आणि ते तुमचं आळशी आहे. रात्रभर मॉनिटरची टिकटिक ऐकत पडलो होतो. वही घरी राहिली होती, याचंही वाईट वाटलं. खरं सांगतो.

नंतर चीनमधला तो मिठाचा अभ्यास पुन्हा काढला. ६०० गावं, सुमारे २१ हजार माणसं, २०२१ साली प्रसिद्ध झालेला. पाव भाग पोटॅशियम क्लोराईड असलेल्या मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, हे मी सगळ्यांना ऐकवत होतो. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेले किंवा पोटॅशियम साचवणाऱ्या लघवीच्या गोळ्या घेणारे त्यात घेतलेच नव्हते. घरात असा एक जरी असला तरी ते घर वगळलेलं. ही ओळ मी आधीही वाचली होती. ती आपल्याबद्दल असेल असं वाटलं नाही, एवढंच.

म्हणून कुणी "मीसुद्धा मीठ बदलू का?" विचारलं की मी चिडतो. माझ्या मित्राची लघवीची गोळी पोटॅशियम बाहेर टाकते, माझी गोळी ते अडवते. दोघांचं बीपी तेच, दोघांना सल्ला एकच कसा देऊ? क्रिएटिनिन बघा, गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवा. यावर लोक म्हणतात, "तुम्ही घाबरलात." हो, घाबरलो.

पण वहीतला तो मी मधूनमधून विचारतो: १३८ खोटं होतं का? नव्हतं. आता भाज्या उकळून पाणी फेकतो, एक गोळी वाढली आहे, आणि बीपी १४४ च्या आसपास घुटमळतं.

बायकोचं मूत्रपिंड ठणठणीत, तिला बीपीची गोळीही नाही. ती डॉक्टरांना विचारून तेच मीठ खाते. ओट्यावर दोन बरण्या आहेत, तिच्या बरणीला लाल दोरा. काल तिचं बीपी मोजलं: १२६/७८. मी तिला १३० सांगितलं.