सतरा वर्षांची लेक, वागळे इस्टेट आणि अप्रेंटिसशिपचा करारनामा

आयटीआयमधून बाहेर पडणारी बरीच मुलं अठराच्या आतली असतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी दहावी, मग दोन वर्षांचा ट्रेड (फिटरसारख्या कामाचा अभ्यासक्रम) आणि लगेच अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीतली शिकाऊ उमेदवारी. घरच्यांना आनंद एवढाच असतो की पोरगं कंपनीत लागलं. पण अठरा पूर्ण होईपर्यंत कायद्याच्या लेखी ते किशोरवयीन असतं. कारखान्यात त्याने कुठे उभं राहायचं, किती वाजेपर्यंत थांबायचं, कशाला हात लावायचा नाही, हे सगळं ठरलेलं आहे. माझी मुलगी 2024 साली फिटर झाली तेव्हा ती सतरा वर्षं आणि काही महिन्यांची होती. तेव्हा हे नियम मी एकेका माणसाला विचारून गोळा केले. आम्ही कळव्याला राहतो. आमच्यासारख्या ज्या घरांतून पुढची पोरं निघणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने टीटीसीचा (ट्रान्स-ठाणे क्रीक) जो औद्योगिक पट्टा आहे, तिथल्या एका कंपनीने तिला आधी बोलावलं. बोलणं झालं ते कंपनीच्या माणसाशी नाही, मुलं पुरवणाऱ्या कंत्राटदाराशी. तो म्हणाला, सुरुवातीचे दोन महिने प्लेटिंगला मदत करेल, मग असेंब्लीला घेऊ. पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा. मेडिकलचे पैसे तुम्ही भरायचे.

मी वयाचं विचारलं. त्याने आधार कार्ड हातात घेतलं. त्यावर जन्मतारीख होती 1 जानेवारी 2007. तिचा खरा जन्म मार्चमधला. लहानपणी आधार काढताना फक्त वर्ष लिहिलं गेलं की तारीख आपोआप 1 जानेवारी पडते, आणि आमच्या चाळीत अशी जानेवारीत जन्मलेली निम्मी पोरं आहेत. कंत्राटदार म्हणाला, "जानेवारीत अठरा पूर्ण होतायत ना ताई, मग तोवर कोण बघायला येतंय?"

प्लेटिंग म्हणजे धातूवर मुलामा चढवणं. आम्लाच्या टाक्या, क्रोमियमचं पाणी आणि नाकाला झोंबणारी वाफ. मी त्याला हो म्हटलं नाही आणि तिथून निघाले. नुसता नकार देऊन मात्र भागत नाही, कारण पुढच्या कंपनीतही हेच ऐकायला मिळणार. म्हणून ठाण्याच्या बीटीआरआय केंद्रात गेले. याचं सरकारी नाव मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र. शिकाऊ उमेदवारीचं कामकाज जिल्ह्यात इथून बघितलं जातं. तिथल्या निदेशकांनी मला समोर बसवून नीट समजावलं.

"ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा," ते म्हणाले. "अप्रेंटिस व्हायला वय किती लागतं ही एक, आणि अठराच्या आतल्या मुलाला कुठल्या कामाला लावता येतं ही दुसरी."

पहिलीचं उत्तर शिकाऊ उमेदवारी अधिनियम, 1961 मध्ये आहे. किमान वय 14. पण धोकादायक उद्योगांशी संबंधित ट्रेडला 18. ही दुसरी अट 2014 च्या दुरुस्तीत आली. उमेदवार अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला असेल तर करारनामा पालक करतात, म्हणजे सही माझी. हे ऐकल्यावर मी सरसावून बसले. ज्या कागदावर माझी सही, त्यातलं काम मला माहीत नको?

दुसरीचं उत्तर दोन कायद्यांत विभागलेलं होतं. बालकामगार कायदा 1986 चा, पण 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याच्या नावातच किशोरवयीन कामगार आले. चौदाच्या आतलं मूल कामाला ठेवायचंच नाही, आणि 14 ते 18 मधल्यांना खाणी, ज्वालाग्राही वा स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया यांत घ्यायचं नाही. घेणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आता धोकादायक प्रक्रिया कुठल्या? ती यादी कारखाना अधिनियमाच्या अनुसूचीतली. रंग, रसायनं, औषधं, कातडी कमावणं, फाउंड्री, बॅटरी बनवणं आणि दुरुस्ती, काच, अशी लांबलचक. निदेशकांनी यादीवर बोट फिरवत नेलं आणि दोन ठिकाणी थांबवलं. इलेक्ट्रोप्लेटिंग. आणि त्याच्या खाली, धातूचं ग्राइंडिंग वा ग्लेझिंग.

प्लेटिंगचं मला नवल वाटलं नाही, ग्राइंडिंगचं वाटलं. फिटरच्या हाताखाली ग्राइंडर तर रोजचाच. छिन्नी बोथट झाली की ग्राइंडर, ड्रिलला धार लावायची की ग्राइंडर. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. चांगली कंपनी असेल तर अठरा होईपर्यंत तिला तिथे उभी करणार नाही. तुम्ही आधीच विचारा."

मग पाळीचं. तेव्हाच्या कारखाना अधिनियम, 1948 प्रमाणे किशोरवयीन मुलाला कारखान्यात घ्यायचं तर सर्टिफाइंग सर्जनचा, म्हणजे अशी तपासणी करायला सरकारने नेमलेल्या डॉक्टरचा, तंदुरुस्तीचा दाखला लागायचा. त्या दाखल्यात प्रौढ म्हणून काम करायला योग्य असं लिहिलं असेल तरच पूर्ण वेळ, नाहीतर त्या मुलाला बालकासारखंच धरायचे आणि दिवसाला साडेचार तासांच्या वर काम देता यायचं नाही. प्रौढ म्हणून दाखला मिळाला तरी अठराच्या आतली मुलगी आणि सतराच्या आतला मुलगा यांना कारखान्यात सकाळी 6 ते संध्याकाळी 7 याच वेळेत ठेवता यायचं. म्हणजे माझ्या लेकीच्या वर्गातल्या सतरा पूर्ण झालेल्या मुलाला ही वेळेची मर्यादा नव्हती, पण तिला होती. रात्री अकराची पाळी तर गोष्टच सोडा.

आणि मेडिकलचे पैसे? दाखल्याची फी कारखान्याने भरायची, मुलाकडून किंवा आईबापांकडून वसूल करायची नाही, हे त्याच कायद्यात स्पष्ट होतं.

तिथून पहिलं काम केलं ते आधारचं. ठाणे महापालिकेचा जन्मदाखला, दहावीची सनद आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत तारीख एकच होती, त्यामुळे अडलं नाही. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, म्हणून केंद्रावरच्या मुलाने टाइप केलेली तारीख मी स्क्रीनवर स्वतः वाचली आणि मगच तिला बोट ठेवायला सांगितलं. अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवरची नोंदणी त्यानंतर केली. काही जण म्हणाले, दोन-अडीच महिन्यांचा तर फरक, कशाला पळापळ करतेस. पण त्याच दोन-अडीच महिन्यांच्या जोरावर तो कंत्राटदार तिला प्लेटिंगला उभी करायला निघाला होता.

दुसरी कंपनी वागळे इस्टेटमधली. एमआयडीसीची ही महाराष्ट्रातली पहिली वसाहत. मोठे कारखाने बरेच गेले आणि काचेच्या इमारती आल्या, तरी आतल्या रस्त्यांवर अजून लेथचा आवाज येणारे गाळे आहेत. ही कंपनी जिग आणि फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर काम करताना वस्तू पक्की धरून ठेवणारी साधनं, बनवते. मालक मराठीच, साठीकडे झुकलेले, स्वतः आयटीआय केलेले. मी त्यांना बसल्या बसल्या विचारलं, मुलगी कुठल्या मशीनवर असेल, पाळी कुठली, आणि ग्राइंडरचं काय.

त्यांना राग आला नाही. सुपरवायझरला हाक मारून त्यांनी मला शॉपमध्येच नेलं. बेंचवर व्हाइस लावलेले, त्यातला एक तिचा. फाइलिंग, मार्किंग, बेंच ड्रिल, असेंब्ली, आणि मग मिलिंग मशीनवर जुन्या कारागिराच्या शेजारी. कोपऱ्यातल्या पेडेस्टल ग्राइंडरकडे बोट दाखवून सुपरवायझर म्हणाले, "हिची छिन्नी मी घासून देईन. मार्चपर्यंत." चालू मशीनचं तेलपाणी, पट्ट्याची साफसफाई हेही तिने करायचं नाही. चालत्या यंत्राच्या भागांपाशी अठराच्या आतल्यांना आणि बायकांना हे काम देऊ नये असं तेव्हा कलमच होतं, हे त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

सर्टिफाइंग सर्जनकडे कंपनीनेच अर्ज केला. पालकालाही करता यायचा, मात्र तंदुरुस्त ठरली तर कामावर घेऊ असं व्यवस्थापकाच्या सहीचं पत्र सोबत लागायचं. तपासणीला मी बरोबर गेले. डॉक्टरांनी वयाचे कागद बघितले, उंची-वजन घेतलं, डोळे, कान, छाती तपासली. बोटं एकेक मिटून उघडायला लावली, आणि तिलाच विचारलं की तुला काय काम करायचंय. मशीनचं काम, ती म्हणाली. दाखला बारा महिन्यांसाठी असायचा आणि व्यवस्थापकाच्या ताब्यात राहायचा. मुलीने त्याचा क्रमांक असलेला बिल्ला जवळ ठेवायचा. ती तो ओळखपत्राच्या दोरीलाच अडकवायची.

करारनामा मी घरी आणून वाचला. अहोंनी आणि मी रात्री जेवणं झाल्यावर ओळ न् ओळ बघितली. ट्रेड फिटर, मुदत एक वर्ष, वेळ साडेआठ ते पाच, रविवारी सुट्टी. विद्यावेतन 2019 च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्याला तेव्हा किमान 7,000 रुपये होतं, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून सरकारचा वाटा, विद्यावेतनाच्या पाव हिश्शापर्यंत आणि जास्तीत जास्त 1,500 रुपये, थेट तिच्या खात्यात यायचा. शिकाऊ उमेदवार कामगार धरला जात नाही, तो प्रशिक्षणार्थी असतो. म्हणून सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. इजा झाली तर भरपाई मात्र कामगारासारखीच मिळते. सही करताना माझा हात अडखळला नाही.

या सगळ्या काळात आमच्या शेजारणीचा पंधरा वर्षांचा मुलगा कळवा स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात "शिकत" होता. करारनामा नाही, नोंद नाही, रात्री साडेनऊला सुटायचा. मला त्याची काळजी माझ्या लेकीपेक्षा जास्त वाटायची, कारण कारखान्यात निदान कोणी तपासायला येण्याची शक्यता असते. दुकानांना लागू असलेला नियम तर उलट आणखी कडक आहे. सलग तीन तासांच्या वर काम नाही, मग किमान एक तास विश्रांती, ती धरून दिवसाचे सहाच तास, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 या वेळेत काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक सुट्टी. दुकानदाराने नोंदवहीत मुलाचं नाव, जन्मतारीख आणि कामाचे तास लिहायचे असतात. शेजारणीला हे सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. तिच्या घरात त्या पैशांनी गॅस येतो, हे मला माहीत आहे. दोघी मिळून दुकानदाराकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, त्याला कोणी कधी हे सांगितलंच नव्हतं. मुलगा आता सातच्या आत घरी असतो. पैसे मात्र त्याने कमी केले, आणि ते मला आजही टोचतं.

मार्च 2025 मध्ये लेक अठराची झाली. पुढच्याच आठवड्यात सुपरवायझरनी तिला गॉगल दिला, ग्राइंडरपाशी नेलं, टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) आणि चाक यांतली फट कशी बघायची ते दाखवलं आणि छिन्नी तिच्या हातात दिली. त्या दिवशी घरी आल्यावर ती तासभर ठिणग्यांबद्दलच बोलत होती.

दरम्यान कायद्यात एक बदल झालाय तो लक्षात ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाना अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेने घेतली आहे. त्यामुळे मी वर सांगितलेल्या कारखान्यातल्या वेळा आणि दाखल्याची पद्धत आमच्या वेळची. तुमच्या मुलाच्या वेळी बीटीआरआय केंद्रात विचारून घ्या. शिकाऊ उमेदवारी अधिनियम आणि बालकामगार कायदा या संहितांमध्ये गेलेले नाहीत, ते आपापल्या जागी आहेत.

वर्ष संपलं, तिने अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा दिली आणि त्याच मालकांनी तिला कामगार म्हणून थांबायला विचारलं. ती म्हणाली, विचार करून सांगते. घरी येऊन मला म्हणाली, "आई, अप्रेंटिसला पीएफ नसतो, पण आता लागेल ना? नेमणूकपत्रात लिहून दे म्हणून सांगू?" मी म्हटलं, सांग. तिने सांगितलं, आणि त्यांनी लिहून दिलं.