मामांच्या आठवणीतली बर्मिंगहॅमची बिअर

जुन्या बिअरचा माग काढायचा असेल तर चवीविषयी सर्वांत शेवटी विचारावे, असे माझे ठाम मत परळच्या माझ्या मामांमुळे झाले आहे. मामा सत्तरच्या दशकात बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातल्या एका कारखान्यात कामाला होते आणि पाळी सुटली की सहकाऱ्यांबरोबर कोपऱ्यावरच्या पबमध्ये जात. तिथल्या बिअरचे नाव ते साफ विसरले आहेत. "काळपट होती, फारशी कडू नव्हती आणि मागाहून काकवीसारखी चव यायची," एवढेच ते सांगत. पण एवढ्या वर्णनात इंग्लंडमधल्या कितीतरी गडद बिअर बसतात.

म्हणून मी ती कोण पीत असे आणि कितीला मिळे, हे विचारू लागलो. भट्टीवर राबणारे लोक तीन-चार पाइंट पिऊनही सरळ चालत घरी जात आणि बिटर या नेहमीच्या कडवट इंग्लिश बिअरपेक्षा ती थोडी स्वस्त पडे, असे मामांनी सांगितले. ब्रिटनमध्ये 1993पर्यंत बिअरवरचा कर आंबवण्यापूर्वीच्या रसाच्या घनतेवरून, म्हणजे त्यात किती साखर उतरली आहे त्यावरून, आकारला जाई, त्यामुळे कमी मॉल्ट (मोड आणून वाळवलेले जव) वापरलेली, तीन ते साडेतीन टक्के मद्यार्काची बिअर कमी दरात विकणे परवडे. गडद, सौम्य, स्वस्त आणि बर्मिंगहॅमच्या आसपासच्या मिडलंड्स भागातल्या कामगारांची आवडती, म्हणजे ती माइल्ड या प्रकारचीच बिअर असणार. फेस पातळ असे, या आठवणीमुळे नळाची गिनेस ही दाट फेसाची काळी आयरिश बिअरही बाद झाली.

पिंपातच मुरणारी बिअर सहसा हातपंपाचा दांडा ओढून काढतात; पबमधली बाई मात्र दांडा न ओढता बटण दाबत असे, हे ऐकून मला ती कारखान्यातच गाळून वायू भरलेली केग बिअर वाटली असती. परंतु त्या भागात पिंपातली बिअरसुद्धा अर्धा अर्धा पाइंट मोजून देणाऱ्या विजेच्या पंपाने काढत असत. मग एके दिवशी जेवताना मामांना पबच्या पाटीवरची खार आठवली आणि प्रश्न मिटला. खार हे अ‍ॅस्टनच्याच अ‍ॅन्सेल्स ब्रुअरीचे चिन्ह होते, आणि ती ब्रुअरी 1981 साली बंद झाली.

महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही, तर ब्रिटनमध्ये 1963पासून त्यासाठी परवाना लागत नाही. त्यामुळे कृती मी मुंबईत बसून लिहिली आणि बिअर माझ्या बर्मिंगहॅमच्या मामेबहिणीने तिच्या स्वयंपाकघरात केली. मूळ कृती माझ्या हाती नव्हती. त्या काळच्या माइल्डची सर्वसाधारण घडण घेऊन मी मॅरिस ऑटर या जातीच्या जवाचे मॉल्ट, थोडे गोडसर क्रिस्टल मॉल्ट, रंगापुरते काळे मॉल्ट, कडवटपणासाठी फगल जातीचे हॉप्स (एका वेलीची फुले) आणि ब्रुअरीत वापरतात ती गडद, पाकासारखी इन्व्हर्ट साखर योजली. मामांची काकवी मला या साखरेतच दिसत होती. इतकी सौम्य बिअर पाणचट लागू नये म्हणून मॉल्ट 68 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या गरम पाण्यात भिजवायला सांगितले, कारण त्या तापमानाला यीस्टला न पचणाऱ्या शर्करा जास्त उरतात आणि बिअरला अंग येते. पाण्याची चिंता नव्हती. बर्मिंगहॅमच्या नळाला 1904पासून वेल्समधल्या एलान खोऱ्याचे मृदू पाणी येते आणि माइल्डला ते मानवते.

बहीण सुट्टीत बाटल्या घेऊन आली. फ्रिजमधून काढून बाटलीचा थंडपणा थोडा उतरू दिला, कारण तळघरातली बिअर बारा अंशांच्या आसपास असते. मामांनी घोट घेतला आणि म्हणाले, "रंग तोच आहे, पण ही जिभेला चावते." पिंपातल्या बिअरमध्ये वायू फार थोडा असतो आणि आमच्या बाटलीत तो भरपूर होता. त्यांनी ती दोन पेल्यांत वरखाली केली, फेस बसू दिला, पुन्हा प्यायले आणि या वेळी मान हलवून "काकवी आली" असे म्हणाले. मात्र कडवटपणा अजून जास्त आहे, हेही त्यांनी बजावले.

पुढच्या खेपेला फगल कमी घालायचे आणि बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून भरताना घालायची साखर निम्मी करायची, असे बहिणीने लिहून नेले आहे.