कडी न लावणारी मावशी

लातूरहून औसा, लामजना करत एसटी किल्लारीला पोचली, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की इथे तर भूकंप झाल्यासारखं काहीच दिसत नाही. रुंद रस्ते, एका मापाची घरं, दारात मोटारसायकली. मग डोक्यात प्रकाश पडला. अगं, हे 'झाल्यानंतरचं'च गाव! जुनं किल्लारी पलीकडे, बाभळींच्या रानात.

मी फिजिओथेरपिस्ट. कुठेही गेले तरी आधी माणसांची चाल बघते, खोडच आहे. चहाच्या टपरीवर एक आजोबा उजवा पाय फेकत आले. मांडीचं हाड आखूड जुळलेलं. विचारल्यावर हसले. "शहरात रॉड टाकला बगा. व्यायाम बी सांगितला हुता. पर पत्र्याच्या शेडात घरची सातजणं, पाय पसरावा कुटं?"

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन आटोपून माणसं दमून झोपली होती. तसे हादरे आदल्या वर्षापासूनच बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ च्या मोठ्या धक्क्यानंतर लोक काही दिवस बाहेरही झोपले आणि मग आत गेले. किती दिवस अंगणात काढणार? लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास ८,००० माणसं गेली, जखमी १६,००० च्या घरात. घात केला तो माळवदांनी. चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर लाकूड आणि त्यावर वर्षानुवर्षं थापलेली माती. कित्येक जण मार लागून नव्हे, नाकातोंडात माती जाऊन गेले. त्यात वर पाऊस.

लष्कर आलं, गावोगावचे डॉक्टर धावले, जखमींना लातूर-सोलापूरला हलवलं. ते सगळं मोठंच होतं. पण तुटलेलं हाड काही महिन्यांत जुळतं आणि त्यावर चालायला शिकायला वर्ष लागतं. त्या वर्षात मदतीच्या गाड्या दिसत नाहीत. हे मी व्यवसायाच्या रागातून लिहितेय, कबूल.

मुक्काम मैत्रिणीच्या मावशीकडे होता. भाकरी थापता थापताच ती बोलत होती. दोन मुलं होती, दोन्ही त्या रात्री गेली. आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं ऑपरेशन झालेलं.

"मग?"

"मग काय, नस जोडून घेतली."

भूकंपानंतर अशा बऱ्याच बायकांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली. कुटुंबनियोजनात बांधलेली नळी पुन्हा जोडायची. नळी असते दोऱ्याएवढी नाजूक, आणि जोडली तरी दिवस राहतीलच याची हमी नाही. मावशीला राहिले. "पोरगी झाली तवा समदे पेढे मागायले, आन् मी रडायले." तव्यावरची भाकरी तिने उलटली. "पैल्या दोगांची नावं हिला ठिवू दिली न्हाईत मी. घरच्यांचा लई आग्रह हुता."

माझ्याकडे यावर बोलायला काही नव्हतं. मी ठेचा वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सास्तूरला जाऊन आले. तिथलं स्पर्श रुग्णालय भूकंपानंतर उभं राहिलेलं. बाहेर बाकावर पोटुशा बायका, हातात फायली, एकीच्या मांडीवर पेरूची पिशवी. भूकंपाचा विषय काढला तर त्या माझ्याकडेच बघायला लागल्या. त्यांतल्या बहुतेकींचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. याच पट्ट्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांनाच आरोग्याचं शिकवून 'भारतवैद्य' केलं. मला हे शिबिरांपेक्षा जास्त पटतं. शिबिर संपलं की गाडी निघून जाते, गावची बाई गावातच असते.

संध्याकाळी जुन्या किल्लारीत गेलो. जोती तेवढी उरलीत. एका जोत्यावर दगडी उखळ तसंच, त्यात पावसाचं पाणी साचलेलं. मावशी लांबच उभी राहिली. "आमचं त्या तिकडं," एवढंच म्हणाली, बोट न दाखवता.

रात्री माझं अंथरूण दाराजवळ होतं. आपली पुणेरी सवय, दिवा मालवल्यावर उठून कडी लावायला गेले. हात कडीवर पडतोय तोच अंधारातून आवाज आला,

"ऱ्हाऊ दे ती. त्या दिवशी निघालीच न्हाई."