तुम्ही विचारलंत म्हणून: मी डोंगराला का येत नाही

मार्गशीर्षात गाडी ठरली की कोणीतरी खानापूरच्या स्टँडवर गाठून विचारतोच, यल्लम्माच्या डोंगराला, सौंदत्तीला का येत नाही, नास्तिक झालात काय? आजवर गुडघेदुखी सांगत आलो. गुडघे धड आहेत.

आठ वर्षांपूर्वी रांडाव पुनवेच्या, म्हणजे देवी विधवा होते त्या पौर्णिमेच्या, आदल्या रात्री आपण ट्रॅक्सवर भांडी, तांदूळ, परड्या चढवत होतो, तेव्हा शेजारच्या घरात ती मार खात होती. ते नवे नव्हते, म्हणून आपण मोठ्याने बोलत दोरखंड आवळत राहिलो; 'त्यांच्या घरातली भानगड' हे शब्द माझेच होते, हे कबूल करतो. पहाटे ती पदर डोळ्यावर ओढून आली आणि माझ्या आईच्या हातात खण-नारळ देत म्हणाली, "ह्यास्नी बुद्धी दे म्हणून सांगा यल्लम्माला." रांगेत आई दमली, तेव्हा पिशवी माझ्याकडे आली. बायका बांगड्या फोडत होत्या. यल्लम्माच्या नवऱ्यासाठी, जमदग्नीसाठी. ज्याने बायकोचे मुंडके उडवायला मुलांना सांगितले आणि नकार देणाऱ्या चौघांना शाप दिला, त्याच्या मरणाचा शोक त्याच बायकोच्या दारात चालला होता, आणि मी तिच्यापुढे दुसऱ्या एका नवऱ्यासाठी बुद्धी मागायला उभा होतो. माझ्याच्याने नारळ वाहवला नाही. तसाच परत आणला. दारात तिने विचारले, "आईच्या पायावर घातलासा न्हवं, दादा?" मी हो म्हणालो.

देवी पुन्हा सवाष्ण होते त्या अहेव पुनवेच्या आत ती शेजारीण गेली. स्टोव्हचा भडका, असे कागदावर आले. जबाबाला बोलावलेल्यांत मी होतो आणि आपण कधी काही ऐकले नाही, असे मी सांगितले.

तरुणपणी मीच वाद घालत असे की परशुरामाने वर मागून आईला जिवंत केले, म्हणजे न्याय झालाच. महाभारतात त्याने आणखी एक वर मागितला आहे: आपण मारले गेलो, याची आठवण आईला राहू नये. तो वर कोणाच्या सोयीचा होता, हे तेव्हा सुचले नाही.

तुम्ही म्हणाल, मारतो माणूस, देवाला बोल का? खरे आहे. डिसेंबर 2023 मध्ये बेळगाव तालुक्यातल्या होसा वंटमुरीत, मुलगा एका मुलीला घेऊन पळाला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधले, तेव्हा बेळगावातच सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते. उच्च न्यायालयाने नुसते बघत राहिलेल्यांनाही धारेवर धरले, आणि त्या बघ्यांत मी स्वतःला धरतो. पण माझ्या दोषाने देवीचा दोष फिटतो कसा? ऐकूनही न उठणारी तीही भिंतीपलीकडची शेजारीणच ठरते, आणि शेजारणीपुढे कोणी परडी भरत नाही.

नारळाने ती वाचली असती, यावर माझा विश्वास नाही. तरी काही रात्री वाटते, वाहायला हवा होता. तो माळ्यावर आहे, आतून सुटून खुळखुळतो. यंदा तुमच्याबरोबर पाठवावा असेही मनात येते. पण तुम्ही विचाराल, कोणाच्या नावाने वाहायचा?