वेळ मिळत नाही म्हणून

दिवसाला नऊ-दहा तास खुर्चीत बसायचं, जेवायचं ते पण स्क्रीनकडे बघत, आणि रात्री घरी आलं की अंगात काही करायचं त्राणच उरत नाही, अशी माझी बरीच वर्षं गेली. मला खरंच वाटायचं की व्यायाम म्हणजे रोज सलग एक तास हवा, नाहीतर काही उपयोग नाही. मग कळलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या गाइडलाइन्समध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, म्हणजे रोजची जेमतेम बावीस मिनिटं झाली तरी चालतं, आणि ती सलग असायची पण गरज नाही! शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, तो मी घरीच करते.

आता फोनवरचे कॉल मी चालत चालत घेते, याने खूप फरक पडला.

खाण्याचं मात्र अवघड गेलं. संध्याकाळी पाचला भूक लागली की समोर दिसेल ते तोंडात जायचं, म्हणून आता बॅगेत फळ आणि मूठभर दाणे असतातच, कारण भूक लागल्यावर विचार करायला बसलं की चुकीचंच निवडलं जातं (निदान माझं तरी). लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त, आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. हे वाचून मला केवढा धीर आला! परवाच दोन दिवस चालणं राहिलं, आज सकाळी परत बूट घातले.